लॉरा १.८ टीएसआय: प्लग सात नंबरचे की आठ?

१३ ऑक्टोबर २०२४, जळगाव

गाडी २०११ ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, मॅन्युअल. कंपनीतून निघाली तेव्हा १६० पीएस (घोडे) आणि २५० न्यूटन-मीटर. स्टेज वनचा रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या मॅपचा (आकड्यांचा) पहिल्या टप्प्यातला बदल, आधीच झालेला आहे. दिवाळीनंतर मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा), मोठ्या व्यासाचा डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट) आणि त्यावर नवा मॅप असा बेत आहे. त्याआधी स्पार्क प्लगचा प्रश्न हातात घेतोय, कारण ज्याला विचारावं तो एकच सांगतो: "भाऊ, आपल्या जळगावच्या उन्हात थंडाच प्लग टाकायचा."

थंडा म्हणजे मोठ्या नंबरचा, सातऐवजी आठ. मला हे पटत नाही. प्लगला बाहेरचं ऊन लागत नाही. त्याचं नाक असतं ज्वलनकक्षात, आणि तिथे पेटलेला वायू दोन हजार अंशांच्या वर जातो. बाहेर २० अंश असोत की ४५, त्या आकड्यापुढे हा फरक किरकोळ आहे. सिलिंडरमध्ये मिश्रण किती भरलं, किती दाबाने भरलं आणि ठिणगी किती आधी पडली, यावर नाकाचं तापमान ठरतं. टर्बो नसलेल्या इंजिनात तर उलटंच होतं. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ८ टक्के विरळ असते. म्हणजे भर उन्हाळ्यात इंजिनाच्या पोटात प्राणवायू कमी जातो आणि आतली आग थोडी कमीच पेटते.

उन्हाचा त्रास खरा आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो. आत जाणारी हवाच गरम असली की नॉकिंगची (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसण्याची) भीती वाढते. त्यावर उपाय इंटरकूलर, टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि चांगलं पेट्रोल. प्लगचा नंबर बदलून नॉकिंग जात नाही.

ठरलं ते असं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दर बदलानंतर प्लग काढून भिंगाखाली बघायचे आणि आकडे लिहून ठेवायचे.

१९ ऑक्टोबर

एमआयडीसीत नानांच्या गॅरेजवर बसून पोरांना हीट रेंज समजावली. इथेही लिहून ठेवतो, कारण "थंडा प्लग" म्हटलं की बऱ्याच जणांना ठिणगीच थंड पडते असं वाटतं. ठिणगी तीच असते. फरक असतो नाकातली उष्णता किती लवकर बाहेर काढली जाते यात.

मधला इलेक्ट्रोड आणि त्याभोवतीचं पांढरं चिनीमातीचं नाक ज्वलनात तापतं. ती उष्णता चिनीमातीतून वर चढते, लोखंडी बॉडीत उतरते, आटे आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते आणि तिथून कूलंट ती उचलतं. नाक लांब असेल तर ज्वाळेला पृष्ठभाग जास्त मिळतो आणि उष्णतेला बॉडीपर्यंत पोचायला वाट लांब पडते. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर दोन्ही कमी. तो थंड प्लग. दोन प्लग शेजारी धरून खालून आत डोकावलं की फरक डोळ्यांना दिसतो: थंड प्लगात चिनीमाती बॉडीला लवकर टेकलेली असते आणि भोवतालची पोकळी उथळ असते.

नाकाला साधारण ४५० अंशांच्या वर राहायला हवं, म्हणजे त्यावर बसणारा कार्बन आपोआप जळून जातो. त्याखाली राहिलं तर काजळी साठते, काजळीतून वीज गळते आणि मिसिंग (ज्वलन हुकणं) सुरू होतं. वरची हद्द साधारण ८०० ते ८५० अंश. त्यापुढे नाक स्वतःच निखारा होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. ही प्री-इग्निशन. ती पिस्टन वितळवू शकते, आणि नॉकिंगसारखा आवाज देऊन सावध करेलच असं नाही. थंड प्लग घ्यायचा तो या एका धोक्यासाठी.

एक नंबर बदलला की नाकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा कमी झाला की थंड. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२, ८ म्हणजे २४. दुकानात नुसतं "एक नंबर वरचा द्या" म्हणू नये, ब्रँड बोलूनच मागावा.

नाना आमचं बोलणं ऐकत होते. उठताना एवढंच म्हणाले, "तुले जे करनं शे ते कर भाऊ, पन इंजिन गार व्हऊ दे पहिले." बरोबर आहे. हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग फिरवला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

२० ऑक्टोबर

सकाळी गार इंजिनावर काम. प्लगला वीज देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर जुने आहेत, प्लास्टिक कडक झालंय. लॉक दाबून हलक्या हाताने काढले. कॉइल वर ओढण्याआधी प्लगच्या विहिरींत (खोल भोकांत) हवा मारून धूळ उडवली. आपल्याकडची काळी माती आणि कापसाच्या दिवसांतला तंतू या विहिरींत हमखास सापडतो, आणि प्लग काढल्यावर तो सरळ सिलिंडरमध्ये पडतो.

निघाले ते कंपनीचेच: एनजीके पीएफआर७एस८ईजी. नावातच सगळं आहे. पहिलं पी प्लॅटिनमचं, आर म्हणजे आत रेझिस्टर, ७ ही हीट रेंज आणि पुढचा ८ म्हणजे ०.८ मिमी गॅप, ठिणगी जिथे उडी मारते ती फट. म्हणजे ही गाडी कंपनीतूनच सात नंबरवर आहे. साध्या बिनटर्बो गाड्यांत पाच-सहा नंबर असतात. "स्टॉक प्लग गरम असतो" असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या गाडीचा नंबर वाचावा.

फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घातलं. चारही प्लगांची गॅप ०.९५ ते १.०५. धातू झिजून गॅप इतकी वाढलेली. चौथ्या गियरमध्ये बूस्ट (टर्बोचा दाब) चढताना जो झटका बसतो त्याचं कारण इथेच असणार. दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठी, दाब मोठा आणि कॉइल तेरा वर्षांची, मग ठिणगी विझणारच. नंबर थंड आहे की गरम याचा त्या झटक्याशी संबंध नाही.

जुने प्लग भिंगाखाली बघायला सराफ बाजारातल्या आतेभावाकडून त्याचं दहा पट दाखवणारं भिंग आणलं. जळगावात हिऱ्याचा डाग बघायचं भिंग मिळायला अडचण नाही. नाकाचा रंग फिकट तपकिरी, कडा शाबूत, फोड नाहीत, कुठे चकाकी नाही. स्टेज वनच्या मॅपवर आणि झिजलेल्या गॅपवरही सात नंबरला उष्णता झेपत होती, हे याने कळलं.

९ नोव्हेंबर

नवे सात नंबर टाकले. तेच मॉडेल, गॅप कंपनीची ०.८. बाकी काही बदललं नाही.

स्कॅनर लावून भुसावळच्या बाजूला चौपदरीवर लॉग घेतले. पहाटेची वेळ, रस्ता मोकळा. तिसरा गियर, मिनिटाला २२०० ते ४२०० फेरे, पूर्ण ॲक्सिलरेटर, वेग शंभराच्या आत. दोन गोष्टी बघायच्या: नॉकिंग आवरायला प्रत्येक सिलिंडरमध्ये कॉम्प्युटरने टायमिंग किती मागे घेतलं आणि मिसफायरचे आकडे. व्हीसीडीएस या स्कॅनर-सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक ०२० आणि ०१५-०१६.

जुन्या प्लगांवर तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर मोजले जात होते. नव्यांवर शून्य. झटका गेला. टायमिंग मागे घेणं मात्र आधी होतं तेवढंच: दीड ते तीन अंश, तिसऱ्या सिलिंडरला सगळ्यांत जास्त. नवा प्लग मिसिंग सुधारतो, नॉकिंग नाही. माझ्यापुरता हा मुद्दा आता लॉगमध्येच दिसतोय.

थेट आठ नंबर टाकले असते तर झटका तेव्हाही गेला असता आणि श्रेय नंबरला गेलं असतं.

१ डिसेंबर

पुण्यात इंटरकूलर आणि डाउनपाइप बसवून, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मॅप करून आलो. चाकांवरून मोजून इंजिनाचा हिशोब २२० पीएसच्या आसपास निघाला. प्लग सात नंबरचेच ठेवले. गॅप ०.७ केली, कारण बूस्ट वाढला आहे.

ताकदीच्या दर ७५ ते १०० घोड्यांच्या वाढीला एक नंबर थंड, असा एनजीकेचा ढोबळ नियम आहे. आपली वाढ साठेकची. नियमाने पाहिलं तर गाडी सातवरच राहू शकते. पण नियम ढोबळ आहे. घाटात लांब वेळ पूर्ण लोडवर चालणारी गाडी आणि गावात सिग्नलपुरती पळणारी गाडी, दोघींना एकच नियम लावता येत नाही. प्लग काढून बघायचे.

२२ डिसेंबर

आजची नोंद मोठी आहे. या प्रकल्पातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम आज झालं.

पहाटे पहूरमार्गे फर्दापूर आणि वर अजिंठ्याचा घाट. लेणी बघायला येणाऱ्यांच्या बस सुरू व्हायच्या आत घाट चढायचा होता. मामेभाऊ शेजारी लॅपटॉप घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये फेरे ३००० च्या वर ठेवून चढलो. कमी फेऱ्यांवर वरच्या गियरमध्ये गाडी रेटायची नाही हा या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांचा पहिला नियम आहे. तिथे तेलाच्या थेंबांमुळे होणारी कमी फेऱ्यांवरची प्री-इग्निशन वेगळीच असते आणि तिला प्लगचा नंबर आवर घालत नाही.

घाटमाथ्यावर रुंद जागा बघून, लोडवरून थेट गाडी कडेला घेतली आणि लगेच बंद केली. रेंगाळत उतरलो असतो तर मंद चालीचा रंग प्लगवर चढला असता. बॉनेट उघडून इंजिन गार व्हायला बराच वेळ दिला. घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा तिथेच खाल्ला. मग प्लग काढले आणि उन्हात भिंगाखाली धरले.

काय बघायचं ते क्रमाने:

बाहेरचा वाकडा पाय, म्हणजे ग्राउंड इलेक्ट्रोड. त्यावर उष्णतेने रंग बदललेली एक रेघ असते. टोकाकडून सुरू होऊन रंग कुठपर्यंत उतरलाय ते बघायचं. रेघ बाकाच्या, म्हणजे वळणाच्या, मध्यावर असेल तर ठीक. टोकाजवळच थांबली असेल तर आत उष्णता कमी. मुळापर्यंत, वेल्डजवळ पोचली असेल तर उष्णता किंवा टायमिंग जास्त. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्लगवर रेघ बाकाच्या पुढे, मुळाकडे सरकलेली. तिसऱ्यावर जवळजवळ वेल्डपाशी.

मग खालचे आटे. मुलामा जळून काळपटलेले आटे किती, ते मोजायचे. एक-दोन फेरे ठीक. इथे तीन, तिसऱ्या प्लगवर चारच्या जवळ.

मग नाक. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याचं नाक पांढुरकं पण कोरडं. तिसऱ्याच्या टोकाला काचेसारखी चकाकी. साठलेला थर वितळून बसला की अशी चकाकी येते. आणि त्या चकाकीच्या खाली, नाकाच्या बाजूला, मिठाच्या कणाएवढे दोन-तीन रुपेरी ठिपके. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्लग बोटात फिरवला की उन्हात क्षणभर चमकतात. ते ॲल्युमिनियम आहे, पिस्टनच्या माथ्यावरून उडालेलं. नॉकिंगची ही खरी सही.

घरी येऊन लॉग उघडला. तिसऱ्या सिलिंडरला घाटात सहा अंशांपर्यंत टायमिंग मागे घेतलेलं. प्लग आणि लॉग एकच गोष्ट सांगताहेत.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिपके नॉकिंगचे, त्यावर उपाय मॅपमध्ये. चकाकी आणि जळलेले आटे नाकाच्या तापमानाचे, त्यावर उपाय थंड प्लग. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळणार नाही. आधी मॅप.

२९ डिसेंबर

ट्यूनरला लॉग आणि प्लगचे फोटो पाठवले. त्याने मधल्या फेऱ्यांवर टायमिंग दीड अंश कमी केलं आणि बूस्टचा चढ थोडा सौम्य केला. पुन्हा तोच घाट. मागे घेतलेलं टायमिंग तीन अंशांच्या आत आलं. नवे ठिपके नाहीत. तिसऱ्या प्लगची चकाकी आणि रेघ मात्र जिथे होती तिथेच.

म्हणजे आता नंबर बदलायला कारण आहे. कारण लोड आहे, ऊन नाही. आज घाटात सकाळी हवा दहा-बारा अंशांची होती.

५ जानेवारी २०२५

आठ नंबर: एनजीके बीकेआर८ईआयएक्स. बी म्हणजे १४ मिमी आटे, के म्हणजे १६ चा पाना, आर रेझिस्टर, ८ हीट रेंज, ई म्हणजे १९ मिमी आट्यांची लांबी, आयएक्स म्हणजे इरिडियम. आट्यांची लांबी आणि पान्याचा आकार जुन्याशी जुळतो की नाही हे कागदावर तपासलंच, आणि पार्सल आल्यावर जुना-नवा शेजारी ठेवूनही बघितलं. लांबी जास्त असेल तर प्लग पिस्टनला भिडू शकतो, कमी असेल तर हेडमधले उघडे आटे कार्बन धरतात.

दोन नंबर थंड, म्हणजे नऊ, घ्यायचा सल्लाही एकाने दिला. नाकारला. गाडी आठवडाभर घर ते दुकान अशी थोड्या अंतराची चालते. नऊ नंबर तिथे काजळी धरणार, हे करून बघायची गरज नाही.

नक्कल फार आहे, म्हणून पाकीट उघडल्यावर तपासणी. वॉशर आट्यांवरून सहज निसटत नाही, ठीक. इरिडियमची बारीक टोकाची जोडणी भिंगाखाली एकसारखी, मध्यावर बसलेली. चिनीमातीवरची छपाई नखाने जात नाही. चारही प्लगांच्या मधल्या इलेक्ट्रोडची उंची एकसारखी. घेण्यासारखा माल.

११ जानेवारी

बसवले. गॅप ०.८ वरून ०.७. इरिडियमचं टोक केसासारखं बारीक असतं, त्याला टेकवून काहीही दाबायचं नाही. फक्त बाहेरचा पाय, तोही अगदी थोडा, आणि मोजायला तारेचं गेज. नाण्यासारखं गोल गेज सरकवलं तर टोक तुटतं.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायची सवय गॅरेजांत असते. एनजीकेच्या प्लगांना मुलामा असतो आणि कंपनी स्वतः ते लावू नका म्हणते. वंगण लागलं की त्याच टॉर्कवर प्लग जास्त आवळला जातो. कोरडे आटे, आधी हाताने पूर्ण खाली, मग टॉर्क पाना ३० न्यूटन-मीटरवर.

टॉर्कचं महत्त्व पोरांना पुन्हा सांगितलं. प्लगची बहुतेक उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये उतरते. प्लग सैल राहिला, वॉशर नीट चेपला गेला नाही, तर उष्णतेची ती वाटच तुटते. मग आठ नंबरचा प्लगही सात-सहासारखा तापतो. महागडा थंड प्लग घेऊन अंदाजाने आवळणाऱ्याने पैसे फुकट घालवले. टॉर्क पाना नसेल तर नव्या वॉशरला, टेकल्यापासून अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. पण पाना घ्यावाच.

नाना टॉर्क पान्याचा टकटक आवाज ऐकून जवळ आले. "आमना टायमाले हातच पाना व्हता," म्हणाले, आणि मग स्वतः एक प्लग पान्याने आवळून बघितला. आता पाना गॅरेजवरच ठेवलाय, त्यांनी मागून घेतला.

१९ जानेवारी

खरी परीक्षा ही. आपल्या भागात मे महिन्याची सगळ्यांना धास्ती, पण थंड प्लगला खानदेशातला जानेवारी जड जातो. पहाटे आठ-नऊ अंश. इंजिन गार, कॉम्प्युटर मिश्रण दाट देतो, आणि इंजिन तापायच्या आत मी दुकानावर पोचलेला असतो. नाक ४५० पर्यंत चढतच नाही.

मुद्दाम सगळा आठवडा गाडी गावातच चालवली, महामार्गावर नेलीच नाही. प्लग काढले. नाकाच्या मुळाशी, बॉडीजवळ, काळी कोरडी काजळी, मखमलीसारखी. टोक अजून तपकिरी. तेलाचा ओलावा नाही. स्टार्टिंगला एकदा थोडं रेंगाळली, मिसफायरचे आकडे अधूनमधून एक-दोन. सात नंबरवर याच दिवसांत काय झालं असतं याचा लॉग नाही, पण मुळाशी इतकी काजळी त्यांच्यावर कधी दिसली नव्हती.

मग गाडी धरणगाव-एरंडोलच्या बाजूला तासभर मोकळ्या रस्त्यावर, चौथ्या गियरमध्ये, ३००० फेऱ्यांवर चालवली. पुन्हा काढले. टोकाकडची काजळी जळाली, मुळाशी एक बारीक कडं उरलं. मिसफायर शून्य.

म्हणजे आठ नंबर या गाडीला झेपतो, पण आठवड्यातून एकदा तिला मोकळा रस्ता दाखवावा लागेल. ज्याची गाडी फक्त गावात फिरते त्याने हा नंबर घेऊ नये.

२ फेब्रुवारी

अजिंठा घाट, आठ नंबरवर. तीच पहाटेची वेळ, तोच मॅप. तिसऱ्या प्लगवर रेघ बाकाच्या मध्यावर आली. जळलेले आटे दोन. नाक फिकट, कोरडं, चकाकी नाही. बाकी तिन्ही त्याच्यासारखेच. टायमिंग मागे घेणं सात नंबरवर होतं तेवढंच, तीन अंशांच्या आत. पुन्हा तेच: प्लगने नॉकिंग बदललं नाही, स्वतःचं नाक सांभाळलं. त्याच्याकडून एवढंच हवं होतं.

मामेभावाने विचारलं, मग पिकअप किती वाढला? वाढला नाही. थंड प्लगने ताकद वाढत नाही. वाढवलेली ताकद लांब घाटात निर्धास्त वापरता यावी, यासाठी तो आहे.

८ फेब्रुवारी

पीयूसी केली. आयडलवरचे एचसी आणि सीओ दोन्ही मर्यादेत. मिसफायर होत असता तर न जळलेलं पेट्रोल एचसीच्या आकड्यात लगेच दिसलं असतं, म्हणून ही चाचणी मला मन लावून बघायची होती. इंजिन पूर्ण तापवून गेलो होतो.

६ एप्रिल

पंपांवर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. प्लग वाचताना याची नोंद हवीच. इथेनॉलला वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे आत जाणारं मिश्रण गार होतं. ऑक्टेनही वाढतो. आपल्या मॅपला ही गोष्ट फायद्याची. दुसऱ्या बाजूला इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून त्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधनात करतो ती दुरुस्ती) तीन-चार टक्क्यांनी वर सरकलेला दिसतोय, आणि ई१० वरून ई२० वर गेल्यावर हिशोबाने तेवढाच सरकायला हवा. गाडी २०११ ची, ई२० साठी घडवलेली नाही. म्हणून इंधनाचे पाइप आणि सील दर सर्व्हिसला बघायचे असं नानांना सांगून ठेवलं.

मुख्य बाब रंगाची. इथेनॉल स्वच्छ जळतं आणि प्लग पांढरे दिसतात. जुन्या पेट्रोलवर पांढरा प्लग म्हणजे मिश्रण पातळ, असा हिशोब होता आणि गॅरेजांत अजून तोच चालतो. ई२० वर नुसत्या पांढऱ्या रंगावरून मिश्रण दाट करायला जाऊ नये. रेघ, आटे, चकाकी आणि ठिपके बघावेत. काही पेट्रोलमधल्या मिसळीने नाकावर तांबूस-केशरी छटा येते, तिचाही तापमानाशी संबंध नाही.

१८ मे

उन्हाची नोंद. दुपारी बाहेर ४४ अंश. ज्यांनी "थंडाच टाक" म्हटलं होतं त्यांच्यासाठी मुद्दाम भर दुपारी लॉग घेतला.

एसी चालू, गाडी गावातल्या गर्दीत तापवून मग भुसावळ रस्त्याला. मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान निघताना ६८ अंश. मोठा इंटरकूलर वाऱ्याला लागला की मिनिटभरात ५५ च्या आसपास येतं, त्याखाली उतरत नाही. टायमिंग मागे घेणं साडेचार अंशांपर्यंत. फेब्रुवारीत घाटात हेच तीनच्या आत होतं. उन्हाने जे करायचं ते इथे केलं: टायमिंग खाल्लं आणि ताकद कमी केली.

संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर प्लग काढले. रेघ फेब्रुवारीत होती तिथेच. आटे दोन. नाकावर फरक नाही. बाहेरच्या तापमानात तीस अंशांहून जास्त वाढ झाली आणि प्लगवर तिची खूण दिसली नाही. नॉकिंग कॉम्प्युटरने आवरलं.

ट्यूनरशी बोलून हवेच्या तापमानाप्रमाणे टायमिंग कमी करणारा तक्ता ५० अंशांपासून थोडा आधी सुरू करायला सांगितलं. दुपारी ताकद थोडी कमी मिळेल, चालेल. मे महिन्यात भर दुपारी पूर्ण लोड द्यायचाही नाही, घाट पहाटेच चढायचा.

२५ मे

या गाडीचा सेट ठरला. एनजीके आठ नंबर, गॅप ०.७, टॉर्क ३० न्यूटन-मीटर, आटे कोरडे. ज्यांची गाडी स्टेज वनवर आहे आणि गावात जास्त चालते, त्यांना मी सातच सांगेन: नवे सात, गॅप नीट मोजून. माझा झटका त्यानेच गेला होता.

सात नंबरचा नोव्हेंबरात घेतलेला सेट अजून चांगला आहे, पण तिसऱ्या प्लगवर चकाकी आहे, म्हणून तो बाद. उरलेले तीन नानांच्या पोरांना प्लग वाचायला शिकवण्यासाठी गॅरेजवर दिले, चकाकीवाला त्यांच्याबरोबर. भिंग आतेभावाला परत केलं आणि गॅरेजसाठी एक नवीन घेतलं.

पुढची तपासणी १०,००० किलोमीटरला किंवा दिवाळीच्या आसपास, जे आधी येईल तेव्हा. गॅप ०.८ च्या पुढे गेलेली दिसली तर नवा सेट. थंडी पडली की आठवड्यातून एकदा एरंडोल रस्ता.